मिथाइल जोडी घेऊनच येते

उमरखेडच्या कॉलेजात मी बी.एस्सी.ला सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवते. माझी एक विद्यार्थिनी फुलसावंगीची, कापूस-तुरीच्या घरातली. वर्गात गप्प असायची, पण फळ्यावर माझी एखादी रेघ चुकली की पहिला हात तिचाच वर. अमरावतीला विद्यार्थ्यांची व्याख्यानस्पर्धा होती, तिथं मी तिला नेलं. विषय तिनंच निवडला होता: रेणूंची पुनर्रचना.

सगळे इंग्रजीत बोलत होते. तीही पाठ करून आली होती, पण सुरुवातीलाच अडखळली आणि थांबली. मागं कोणीतरी हसलं. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"आपल्या भाषेत सांग," मी बसल्या जागेवरून म्हटलं.

ती फळ्याकडं वळली, खडू उचलला आणि घरी बोलते तशी बोलू लागली.

"आम्लात या अल्कोहोलमधलं पाणी निंगून जाते. मंग या कार्बनपाशी इलेक्ट्रॉन कमी पडतात. तसं राहनं त्याले जमत नाही. म्हणून शेजारच्या कार्बनवरचा मिथाइल हा छोटा गट इकडे सरकते. आता कमी शेजाऱ्याकडे गेली. पण त्याले तीन कार्बनचा आधार आहे, तो सांभाळून घेते."

परीक्षकांनी चष्मा वर केला. "मिथाइल आपली इलेक्ट्रॉनची जोडी मागं ठेवून का नाही सरकत?"

हा प्रश्न सरावात आलाच नव्हता.

"सर, इकडे इलेक्ट्रॉनचीच तर कमी आहे," ती म्हणाली. "रिकाम्या हातानं येऊन काय फायदा? मिथाइल आपली जोडी घेऊनच येते."

सभागृह हसलं, परीक्षकही हसले. मग त्यांनी तिला इलेक्ट्रॉन कुठून कुठं जातात ते दाखवणारे बाण पुन्हा काढून दाखवायला सांगितले आणि मागच्या बाकांवरची मुलं ते वहीत उतरवू लागली. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला असं भरून आलं नव्हतं.

बक्षीस दुसऱ्याच मुलाला मिळालं. संध्याकाळी उमरखेडच्या स्टँडवर तिचे वडील वाट पाहत होते.

"नंबर आला काय, मॅडम?"

"नाही आला."

"मंग तुम्ही एवढ्या खुश काहून?"

मी घडलं ते सांगितलं. रसायन त्यांना कळलं नसावं, पण मुलीनं मोठ्या सरांना काय उत्तर दिलं ते बरोबर कळलं. चहाच्या टपरीवर दोन ओळखीची माणसं उभी होती. त्यांना हाक मारून ते म्हणाले, "मॅडम, यायले बी सांगा बरं एक डाव."

"बाबा, बस झालं ना," ती लाजून म्हणाली.

मी मात्र पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.