नाटकाचं अक्षर आणि खरा वाघ

मंडळी, आरमोरीत माझं फ्लेक्सचं दुकान आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरं मी वर्षानुवर्षं एकाच अक्षरात करतो. जाड, उंच, एकमेकांना खेटून उभं, टोकांना छोटे धारदार पाय. अरुंद जागेत नाटकाचं लांबलचक नाव मावतं आणि चालत्या सायकलवरूनही वाचता येतं.

म्हणून शेजारच्या गावाने जंगलाच्या वाटेवर लावायला फलक मागितला, तेव्हा तेच अक्षर घेतलं. लाल रंगात: "थांबा! पुढे वाघ आहे!"

आज सकाळी फलक बांधून मागे सरकलो, तर सरपणाला निघालेल्या दोघी बाया थांबून वाचू लागल्या.

"नवीन नाटक दिसते व," एक म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "कवा हाय भाऊ? तारीख नाई टाकली."

आणि निघाल्याही पुढे, जंगलात! मी धावत जाऊन आडवा झालो. "बाई, नाटक नाई, खराच वाघ हाय!"

दोघी जागीच थबकल्या. दुसरी चिडून बोलली, "मंग असं काऊन लिवलं? राशन दुकानाच्या फळ्यावर लिवते तसं लिव ना. ते आमी खरं मानतो."

दुकानात येऊन पांढऱ्या पत्र्यावर ब्रशने, साध्या अक्षरात तेच चार शब्द लिहिले. पत्रा वाळताच वाटेवर नेऊन बांधला.

तुमच्या गावात कोणतं अक्षर दिसलं की लोक लगेच खरं मानतात? माझं अक्षर आज पहिल्यांदा खरं ओरडलं, आणि त्याला तारीख विचारली गेली.