खडा निघू दे
लॅबमध्ये तिला सगळे भिंगबाई म्हणत. बावीस वर्षं सूक्ष्मदर्शकात डोळे घालून बसलेली. "जगाचं बारीकसारीक बघता, घरच्यांकडे मात्र चष्म्यावरूनच," धाकटी जाऊ टोमणा मारायची.

त्याच धाकटीची लघवीची बाटली आज तिच्या पर्समध्ये होती. "चहासारखी होतेय, ताई. खडाच असणार. घरात बोलू नका, सासूबाई घर डोक्यावर घेतील."

सकाळी कामाची झुंबड उडाली आणि बाटली आठवली ती थेट डबा काढताना. चार तास! दुसऱ्या कुणी आणली असती तर तिनं दारातूनच परत पाठवली असती. तरी राहवेना. यंत्रात फिरवून तळाचा थेंब तिनं काचेवर घेतला.

तांबड्या पेशींचा खच होता. पण वेड्यावाकड्या, काहींना कानांसारखे फुगवटे. खड्यानं ओरखडलं तर पेशी गोल गरगरीत येतात. मूत्रपिंडाच्या चाळणीतून रेटल्या गेल्या की अशा. पण शिळ्या लघवीतही त्यांचा आकार बिघडतो. मग ही करणी मूत्रपिंडाची की तिच्या पर्सची?

तिनं फोन लावला. "आत्ताच्या आत्ता इकडे ये. ताजं दे."

"सकाळचं सांडलंत?"

"विसरले."

"बावीस वर्षांत विसरायला माझीच बाटली बरी सापडली!"

तासभर भिंगबाईनं तीच भिंगं तीनदा पुसली, एका पेशंटचा नंबर दोनदा चुकवला. खडा निघू दे, खडाच निघू दे.

ताजी बाटली हातात पडताच तिनं पुन्हा काच लावली. तेच कान. आणि कडेला, पेशींनी गच्च भरलेलं एक नळकांडं. असा साचा मूत्रपिंडाच्या नळीतच पडतो. शेजारच्या टेबलावरच्या सोबतिणीला तिनं काही न सांगता बघायला आपली खुर्ची दिली.

"हे थेट मूत्रपिंडाचं दुखणं आहे, भिंगबाई. कुणाची बाटली गं?"

"घरची."

बाहेर बाकावर जाऊ पाय हलवत बसली होती. "केवढा आहे खडा?"

"खडा नाही."

पाय थांबले.

"आज घरी सांगायचं. उद्या मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे. मी येतेय."

"तुम्हाला रजा मिळेल?"

"टाकली."

जाऊ हसायला गेली, पण जमलं नाही. "असं टक लावून काय बघताय?"

धाकटीच्या पापण्या सुजलेल्या होत्या, मूत्रपिंड बिघडलं की सुजतात तशा. किती दिवसांपासून, कोण जाणे. रोज सकाळी चहाचा कप हातात द्यायला तीच तर समोर यायची.