आधी समोरच्याचे म्हणणे सांगा

दामोदरशास्त्रींची आणि माझी पहिली ओळख झाली, ती त्यांनी मला भर सभेत खाली बसवले म्हणून. काशीतल्या आपल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात तेव्हा दरवर्षी वादसभा भरत असे आणि गुरुजी तिचे अध्यक्षपद सांभाळत. मी कॉलेजातली मुलगी, पाठ केलेले भाषण घेऊन तावातावाने उभी राहिले. दोन वाक्ये होताच गुरुजींनी हात वर केला. "बाई, छान चाललंय तुमचं. पण आधी समोरच्याचं म्हणणं सांगा. तो 'हो, मला हेच म्हणायचंय' म्हणाला, की मग खुशाल झोडपा त्याला." मला ते सांगता येईना. मी बसले, आणि पुढच्याच आठवड्यात पंचगंगा घाटावरच्या त्यांच्या घरी शिकायला जाऊ लागले.

खंडन करण्याआधी पूर्वपक्ष नीट मांडायचा, ही शास्त्रातली जुनी रीत. गुरुजींनी ती पोथीतून काढून रेल्वेत-बँकेत नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांच्या घरात आणली. स्वतःच्या घरातही ते ती पाळत. लेकीने संस्कृत सोडून बी.एस्सी.ला जायचे ठरवले, तेव्हा त्यांनी तिची बाजू तिच्यापेक्षा चांगली मांडली आणि स्वतःच हरले. "काय करणार, पटलं," म्हणत तिला प्रवेशासाठी घेऊनही गेले.

आता जो प्रसंग लिहिते आहे, तो "शुभकार्यात नको" असे गुरुजींच्या पंचाहत्तरीचा गौरव अंक काढणाऱ्या गौरव समितीने मला कळवले आहे. मी लिहिणार. पंचाहत्तरीच्या शालीखाली तो झाकू द्यायला मी तयार नाही.

लढाईचे वर्ष होते. घरोघर लोक रेडिओला कान लावून बसले होते. वादसभेचा विषय ठरला, लढाई इथे थांबवावी की पुढे न्यावी. पुढे न्यावी या बाजूने एक वक्ते उभे राहिले, आवाज मोठा गोड. त्यांनी मुद्दा एकही मांडला नाही. त्यांनी मंडळातल्या यमुनाकाकूंना व्यासपीठावर आणून बसवले. काकूंचा एकुलता एक मुलगा सुधाकर तेव्हा आघाडीवर होता. "या माउलीच्या डोळ्यांत बघा, आणि मग सांगा, थांबायचं का!" काकू पदराने डोळे पुसू लागल्या आणि सगळे सभागृह हुंदके देऊ लागले.

गुरुजी उठले. म्हणाले, "लढावं लागेलही. पण कशासाठी, कुठवर, आणि पुरे कधी म्हणायचं, हे आधी सांगा. सुधाकरच्या आईसमोरच सांगा."

झाले! "बैठ जाओ शास्त्रीजी!" "गद्दार!" आरोळ्यांवर आरोळ्या. कुणीतरी त्यांच्यापुढचा माइक ओढून नेला. ज्यांना गुरुजींनी सभेत बोलायला शिकवले, तेही ओरडणाऱ्यांत होते. पुढच्या वर्षापासून वादसभा बंद पडली आणि त्या जागी देशभक्तिपर गीते सुरू झाली, ती आजतागायत. रडायला काही लागत नाही. विचार करायला डोके लागते, आणि ते मंडळींनी त्या दिवशी चपलांबरोबर दाराबाहेर ठेवले होते.

सुधाकर परत आला नाही. शोकसभेत त्याच वक्त्यांनी पुन्हा सर्वांना रडवले. नंतर मात्र काकूंचा जिना चढायला कुणाला सवड झाली नाही. गुरुजी रोज संध्याकाळी जात. एकदा मी बरोबर असताना काकूंनी विचारले, "शास्त्रीजी, लढाई पुढे नेली ती का? मला कुणी सांगतच नाही."

दुसरा कुणीही चार गोड शब्द बोलून मोकळा झाला असता. गुरुजींनी आधी लढाई पुढे नेणाऱ्यांची बाजू मांडली, एकही कारण न गाळता, इतकी भक्कम की मीच डळमळले. मग स्वतःच्या शंका सांगितल्या. जिथे ठाऊक नव्हते तिथे "मला माहीत नाही" म्हणाले. काकू म्हणाल्या, "हेच तर ऐकायचं होतं मला त्या दिवशी. पण त्यांनी मला सामने बसवलं ते फक्त रडायला."

माझा राग आहे तो याच गोष्टीचा. आजही सरहद्दीवर काही झाले की टीव्हीवर कुणाची तरी आई आणून बसवतात, आणि प्रश्न विचारणारा गद्दार ठरतो. त्यात कडी म्हणजे, तेच गोड आवाजाचे वक्ते आज गौरव समितीचे अध्यक्ष आहेत! गुरुजींना हे बोलून दाखवले, तर ते हसून म्हणतात, "त्यांचं म्हणणं आधी ऐकलंत का?" एवढे मोठे मन गुरुजींचे असेल, माझे नाही.

काकूंनी आता ऐंशी ओलांडली आहे. व्यासपीठावर बसून गुरुजींना हार घालावा, अशी विनंती करायला समितीची माणसे त्यांच्याकडे गेली होती. "येते की," काकू म्हणाल्या. "पण ह्या वेळी माइक माझ्या हातात द्यायचा. अध्यक्षांना मला काही विचारायचंय." समितीने अजून होकार कळवलेला नाही.

गुरुजी, आपण शंभरी गाठावी, आपले गुडघे पंचगंगेच्या पायऱ्यांना पुरून उरावेत. आणि काकूंच्या हातात माइक येईल त्या दिवशी सभेच्या अध्यक्षपदी आपणच असावे, म्हणजे उत्तर मिळेपर्यंत आपण कुणाला रडू देणार नाही.