दुसरं बोलावणं

गल्लीच्या तोंडाशी उभं राहून आवतणे गुरुजी ‘पानं मांडली, उठा’ म्हणाले, की शेवटच्या घरातला ठार बहिरा म्हातारासुद्धा टोपी शोधायला लागायचा.

आमच्या लोहाऱ्यात तेव्हा चूलबंद आवतण मिळालं की घरात चूल पेटत नसे. पण पानं मांडल्यावर दुसरं बोलावणं आल्याशिवाय कुणी हलतही नसे. आपण होऊन गेलो तर हावरट ठरू! पोटात कावळे कोकलत असले तरी माणसं दाराकडं बघत बसायची. कार्य कुणाच्याही घरी असो, हे दुसरं बोलावणं गुरुजींकडंच असायचं. एरवी ते शाळेत विज्ञान शिकवत, आणि मी शेजारच्या वर्गात मराठी.

भिंतीपलीकडून त्यांचं इन्शुलिन ऐकू यायचं. “रक्तात साखरेची पंगत मांडलीय, आन् पेशी घरात उपाशी. का? इन्शुलिन दुसरं बोलावणं घेऊन आलंच न्हाय!” मग आवाज उतरवून, “पेशीच्या दाराला कान असणार बघा, त्याच हाकेला उघडणारा.” पुस्तकात असा कान कुठंच नव्हता. मी तसं म्हटलं, तर म्हणाले, “मास्तर, कानच नसता तर हाक मारून उपयोग काय?” पुढं शास्त्रज्ञांना तो कान सापडला म्हणे. तोवर उशीर झाला होता.

कारण गुरुजींनाच मधुमेह होता. इन्शुलिनची बाटली सोलापूरहून एस.टी.च्या कंडक्टरबरोबर यायची आणि माठाशेजारी ओल्या फडक्यात बसायची. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, सुई टोचायच्या, आणि गुरुजी आपल्याच मांडीला बजावायचे, “पानं मांडली, उठा.”

काही वर्षं पेशी उठल्या. मग डोस वाढत गेला आणि गुरुजी वाळत गेले. पायाची जखम भरेना. शेवटच्या भेटीत म्हणाले, “हाक पोचतीय, मास्तर. दारांचे कान गेलेत.” मला एरवी कशावरही विनोद सुचतो. तेव्हा सुचला नाही.

तेराव्याला काकूंचा ईट गावचा भाऊ सकाळीच घरोघर चूलबंद आवतण देऊन गेला. दुपार टळली. धुतलेले कपडे घालून, गार चुलीपुढं, अख्खी गल्ली दाराकडं कान लावून बसली. इथं दोनदा बोलवावं लागतं, हे त्या भावाला ठाऊक नव्हतं. सांगणार कोण? काकूंना कशाचंच भान नव्हतं.

दिवेलागणीला न राहवून मी बोलावण्याशिवायच गेलो. काकू मांडलेल्या पानांपुढं बसल्या होत्या. भात गार झाला होता.

“एक माणूस उठला न्हाय, भावजी,” त्या म्हणाल्या. “त्यांच्यासाठी एकबी माणूस उठला न्हाय.”