धोंड्याच्या वाणात दिलेली गाडी

आमच्या गाडीला लाथ मारायची खोड आहे, हे आधीच सांगून ठेवते. जावयालाही मी आधीच सांगितलं होतं. किक मारताना मन कचरलं, अर्धीच बसली, की इंजिन उलटं फिरतं आणि तो लोखंडी दांडा खालून वर असा येतो की म्हशीची लाथ बरी. माझ्या दोन्ही नडग्यांवर तिच्या खुणा आहेत. एकदा तर गोदावरीच्या वाळूत तिनं मला हँडलवरून फेकून दिलं, गळ्याखालचं हाड मोडलं. हाड जुळलं, मी परत बसले. गाव म्हणालं, म्हातारीला येड लागलंय. लागलं तर लागलं.

ही काही बाजारहाटाची फटफटी नव्हे. रान, नदी, दगडगोटे, चिखल यातून पळवायला म्हणून कुणीतरी लय वर्षांपूर्वी बनवलेली उंच गाडी. सायलेन्सर सीटच्या बाजूनं वर गेलेला, पुढचा मडगार्ड चाकापासून वीतभर वर, टायरला बोटाएवढे गट्टू. कालव्याच्या मोजणीला आलेल्या एका साहेबाची होती म्हणतात. साहेब बदलून गेला, गाडी कुणाच्या गोठ्यात राहिली, तिथून भंगारात आणि भंगारातून आमच्याकडं. टाकीवरचं नाव गंजानं खाल्लेलं.

आमचं गंगाखेडला रस्त्याच्या कडेला गॅरेज होतं. मालक, म्हणजे माझे यजमान, गाड्या उघडायचे, मी पाने हातात द्यायची. देता देता कुठला पाना कशाला मागतात ते कळत गेलं, आणि पुढं तर त्यांनी मागायच्या आधीच मी पुढं करायला लागले. मग त्यांचे हात थरथरायला लागले. गॅरेज बंद करून आम्ही गावाकडं शेतात येऊन राहिलो, आणि अशा जुन्या रानगाड्या उघडून परत उभ्या करायचा नाद माझ्या मागं लागला. या गाडीला पिस्टन मिळेना. परभणीला दुसऱ्याच गाडीचा लेथवर घासून घेतला, सिलिंडर बोअर करून आणला, तारा ओढून चाकं सरळ केली. शेवटी जेव्हा पहिल्यांदा धडाडली तेव्हा आमच्या कोंबड्या दोन दिवस शेडकडं फिरकल्या नाहीत.

आता जावयाचं सांगते.

माझी लेक त्या उन्हाळ्यात घरी आली ती एका बाजूनं सुजलेलं तोंड घेऊन. कानातलं ओढून काढलं होतं, पाळी चिरून दोन झाली होती. वरचा दात तुटलेला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कसं झालं? तर म्हणे, "मोरीत घसरले." 

बाहेर आल्यावर मी विचारलं, "पोर कुठंय?"

"ठिवून घेतली. म्हनला, तू जा, पोर इथंच राहील. चार दिवसांत कुत्र्यावानी परत येशील."

पोर चार वर्षांची. आईशिवाय कधी झोपलेली नाही. ठाण्यात जाऊन आलो, तिथं म्हणाले, घरातलं भांडण हाय, बसून मिटवा. मालक दोनदा परभणीला त्याच्या दारात जाऊन आले. दार उघडलं नाही, आतून नातीचं रडणं तेवढं ऐकून आले. त्या रात्री लेक जेवली नाही, आम्हीही नाही.

मग पावसात धोंड्याचा महिना लागला. अधिकमासात जावयाला बोलवायचं, पाय धुवायचे, तेहतीस अनारसे आणि वाण द्यायचं, ही आपली रीत. त्या महिन्यात जावई म्हणजे नारायण. नारायणाचाच फोन आला मालकांना, आम्ही दोघं गंगाखेडच्या बाजारात असताना. पुण्याहून कुणी शौकीन माणूस आमची गाडी बघून भारी किंमत सांगून गेला होता, ते त्याच्या कानावर गेलं होतं.

"मामा, धोंड्याला येतो. वाणात ती उंच गाडी द्या. पोरगी संगं घेऊन येतो."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "एका इंजिनात नात मिळत आसंल तर दोन देते. हो म्हना."

आला तो एकटाच. डांबरी रस्ता सोडला की आमच्या मळ्यापर्यंत काळ्या मातीची पाणंद आहे, पावसात तिथं बैलगाडीसुद्धा रुतते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, चपला हातात घेऊन आला.

"पोर?"

"मामी, आसल्या पावसाची कशाला आनायची? पुढल्या खेपंला."

लेक दारात उभी होती, ती दाराला धरून खालीच बसली. मालकांनी मला शेडमागं नेलं. "पाय धू त्याचे. गोडाधोडाचं पोटात गेलं की नरम पडंल."

"तो नरम पडनारा हाय का?"

"मंग दुसरं काय करायचं, सांग."

 धुतले पाय. शेडसमोरच पाटावर बसवून, पितळी तांब्यानं पाणी घालून, पावलांना हळदकुंकू लावलं. तबकात अनारसे, दिवा, आणि मधोमध गाडीचा स्पार्क प्लग. या गाडीला चावी नाही. कुणी नेऊ नये म्हणून मी प्लगच काढून ठेवत असते, त्याच्याशिवाय ठिणगी पडत नाही. त्यानं प्लग उचलून उजेडात धरला, खूष झाला, आणि ताट वाढलेलं तसंच टाकून ओल्या पायांनी उठला.

"आधी गाडी. आन् हिला पिशवी भरायला लावा, मागच्या सीटवर नेतो."

लेक म्हणाली, "पोर आन. मंग बोल."

"तुझं तोंड लय चालायलंय. घरी चल, बघतो."

प्लग मीच बसवला. म्हणाले, "जावईबापू, पाय वले हायत, बूट घाला. आन् किक मारली तर पुरी मारा, अर्धी नका मारू. उलटी येते."

"मामी, बाईमानसानं मला गाडी शिकवू नये."

पहिली किक अशीच गेली. दुसऱ्या किकला इंजिन जरा गुरगुरलं, तो दचकला आणि पाय मधेच सैल सोडला. कुंकवाची ओली टाच दांड्यावरून घसरली, दांडा उलटा आला. कोयत्यानं ऊस तुटतो तसा आवाज झाला. तो खाली पडला तेव्हा पाऊल घोट्यापासून भलतीकडं वळलेलं होतं.

लेक जवळ आली, बघितलं आणि हसली. उन्हाळ्यापासून पहिल्यांदा हसली, तुटका दात दिसला. पडल्या पडल्या त्यानं तिची वेणी धरली, खाली ओढली, आणि हाताला आलेला तांब्या, ज्यानं मी त्याचे पाय धुतले तोच तांब्या, तिच्या डोक्यात घातला. एकदा. परत. रक्त कपाळावरून डोळ्यात आलं. मालक ओरडत होते, सोड सोड.  टायर काढायची लोखंडी पट्टी शेडच्या भिंतीला होती, ती घेऊन मी त्याच्या मनगटावर मारली. तेही वाजलं. तांब्या सुटला.

त्याचं बोंबलणं थांबेना. पाऊल निळं पडायला लागलं. लेकीच्या डोक्याला मालकांनी हळद भरून धडपा बांधला. ती म्हणाली, "ह्याला घेऊन जा आधी. माझ्या दारात मरू देऊ नको." जीप पाणंदीत येणार नाही, साध्या गाडीच्या चाकात चिखल भरून चाक जागीच जाम होतं. आमच्या गाडीचा मडगार्ड वर असतो तो याच्याचसाठी. मी लुगड्याचा काष्टा घट्ट केला, बूट घातले, मालकांनी जावयाला मागं बसवून धरला आणि मी किक मारली. पुरी मारली.

मालकांनी जावयाला जुन्या लुगड्यानं माझ्या पाठीला बांधला आणि निघाले. काळ्या चिखलात गाडी हळू चालवली की रुतून बसते, म्हणून टाकीला गुडघे आवळून, रेस पिळून सुसाट सोडावी लागते. मागचं चाक सापासारखं पळतं. दर दणक्याला तो माझ्या कानात किंचाळायचा.

"मामी, हळू! आई गं! मारताव का मला!"

"धरून बसा. ह्या मशनीत हळू नसतंय."

अर्ध्या वाटेत एक उंच बांध आहे, तिथं मोबाइलला रेंज येते. गाडी बांधाला लावून बंद केली. पाठीला बांधलेलं लुगडं सोडलं, त्याला बांधावर टेकवलं. मग पान्यानं सैल करून, फडक्यानं धरून प्लग काढला, पावसाच्या पाण्यात विझवला आणि कनवटीला खोचला. आधी मीच परभणीला माझ्या भावाला फोन लावून काय करायचं ते सांगितलं.

"का थांबलाव?"

"फोन लावा तुमच्या आईला. माझा भाऊ परभणीत रिक्षा चालवतो, तो तुमच्या दारात येतोय. पोर त्याच्या हातात द्या म्हना."

"न्हाई म्हनलो तर?"

"मंग बसू. मला कुठं घाई हाय."

त्यानं मला, माझ्या आईला, मेलेल्या सासूलाही शिव्या दिल्या. चांगल्या हातानं ढेकूळ फेकलं, ते माझ्या ओठावर लागलं. मग उठून मारायला आला आणि मोडक्या पायावर भार देऊन चिखलात तोंडावर पडला. मी तोंड पुसून त्याला उताणा केला, नाहीतर गुदमरला असता. गप्प बसायची मला सवय नाही. पाऊस परत आला तरी मी त्याला कार्बोरेटर समजावून सांगत बसले. हवा कुठून येते, पेट्रोल किती येतं, जास्त आलं की इंजिन कसं गुदमरतं.

"मामी," तो रडतच म्हणाला, "तुमी बाई हाव का कोन हाव?"

"सासू हाय. लावा फोन."

लावला. त्याची आई पलीकडून म्हणत होती, अरे पोर दिली तर ती परत येनार हाय का? तर हा तिच्यावरच ओरडला, "दे म्हनलं ना, म्हातारे! पाय जायलाय माझा!"

त्याच्या शब्दावर मी उठणार नव्हते. भावाचा फोन येईपर्यंत बसले. भाऊ काही बोलायच्या आतच नात बोलली, "आजी, रिक्षात गाणं लागलंय."

मग प्लग बसवला. हात थंडीनं आकडले होते. तेवढ्यात मनात आलं, आता हीच नाही सुरू झाली तर? मन कचरलं आणि किक अर्धीच बसली. दांडा उलटा आला, नडगी सोलून निघाली. चिखलात पडल्या पडल्या, मोडक्या पायानं तो हसला. मी दात खाऊन पुरी मारली. गाडी धडाडली, त्याचं हसू थांबलं.

गंगाखेडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? त्यानं माझ्या फुटक्या ओठाकडं बघितलं.

"घसरलो," म्हणाला.

आता कोर्टाच्या तारखा चालू आहेत. लेकीच्या भांगात टाक्यांची रेघ आहे. नात आईच्या कुशीत झोपते. मधे त्यानं एका सोयऱ्याच्या हाती निरोप धाडला, धोंड्यात दिलेलं वाण परत घेत नसतेत, गाडी माझी हाय. खरंच आहे. वाण परत घ्यायचं नसतं. मी उलट निरोप दिला, गाडी तुमचीच हाय, शेडमधी उभी हाय. या, प्लग लावून देते, किक मारा आन् घेऊन जा.

अजून आला नाही. नात टाकीवर बसून तोंडानं गाडी पळवते, थुंकी उडेपर्यंत. तिचा पाय अजून किकपर्यंत पोचत नाही. तोवर प्लग माझ्या कनवटीला असतो.