ताईंना विचारलेला प्रश्न

परदेशात, आंग मो किओमधल्या ज्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत मी काम करायची, तिथल्या माझ्या मॅनेजर नाशिकच्या होत्या. ऑफिसात सगळे त्यांना नावाने हाक मारत. मी एकटी ताई म्हणायची. टॅम्पिनीसचा भाड्याचा फ्लॅट त्यांनीच शोधून दिला होता. माझं पहिलं बाळ राहिलं नाही, तेव्हा नवरा दौऱ्यावर होता. नोव्हेनाच्या हॉस्पिटलात माझा हात धरून त्याच बसल्या होत्या.

पुन्हा दिवस गेले. मी कंपनीत कळवलं आणि थोड्याच दिवसांत मला काढून टाकलं. कारण काय, तर काम समाधानकारक नाही, तोंडी समज देऊनही सुधारणा नाही. समज देणार कोण, तर ताई. त्यांनी तसं कधीच काही म्हटलं नव्हतं. मी फोन केला. "मला यात बोलता येणार नाही गं," एवढंच म्हणाल्या.

मी दावा लावला. मध्यस्थीत कंपनी अडून बसली, म्हणून प्रकरण न्यायाधिकरणापुढे गेलं. तिथे वकील चालत नाहीत, आपलं आपणच बोलायचं. कंपनीतर्फे साक्षीला ताई येणार, हे कळल्यावर मला जेवण जाईना.

नवरा म्हणाला, "सरळ विचार त्यांना. त्या खोटं बोलणार नाहीत."

"आणि खरं बोलल्या तर त्यांचं काय होईल?"

"त्यांचा विचार करायचा, तर दावा कशाला लावलास?"

खोली लहानशी होती. ताई समोर बसल्या, माझ्या पोटाकडे एकदा पाहिलं आणि मग टेबलाकडे. सगळं इंग्रजीत चाललेलं, त्यामुळे ताई म्हणायची सोय नव्हती. मी मॅडम म्हटलं. "मॅडम, तुम्ही मला कधी समज दिली होती का?"

शेजारी कंपनीचा एचआरवाला होता. तो त्यांच्याकडे बघत होता.

"नाही," ताई म्हणाल्या. न्यायाधिकरणाच्या मॅजिस्ट्रेटनी पुन्हा विचारलं. "नाही दिली. दिली होती असं सांग, असं मला सांगण्यात आलं होतं."

निकाल माझ्या बाजूने लागला. घरी नवऱ्याने श्रीखंड आणलं. मी ते खाल्लं, याचीही मला नंतर लाज वाटत राहिली, कारण पुढच्या महिन्यात ताईंची जागाच रद्द झाल्याचं कळलं. त्यांचे यजमान जहाजावर, मुलगी दहावीच्या वर्षाला. दुसरी नोकरी मिळाली नाही. व्हिसा नोकरीवरच होता, म्हणून त्या नाशिकला परतायला निघाल्या.

मी त्यांच्याकडे गेले. घरभर खोकी होती.

"ताई, मी तो प्रश्न विचारायला नको होता."

"मग काय विचारणार होतीस?" त्या खोक्याला टेप लावत होत्या. "मी खोटं बोलले असते, तर तू माझ्याकडे आली असतीस का?"

मी खोक्याची झाकणं दाबून धरायला वाकले.

"नसतीस आलीस. बस आता, पाय सुजलेत तुझे."

माझी मुलगी आता चालते. सणावाराला ताईंचा फोन येतो, तिचं बोबडं बोलणं त्या हौसेने ऐकतात. त्या हल्ली काय करतात, हे विचारायचं मी दर वेळी ठरवते. मग त्याच म्हणतात, "चल, ठेवते," आणि मला सुटल्यासारखं वाटतं.