खांबाचं पांघरूण

ज्या गोधडीवर मी परवा दुपारी तासभर घोरलो, ती पांढरकवड्याच्या नव्या उड्डाणपुलाच्या खांबाची होती, हे मला फार उशिरा कळलं. पण माझ्या मावससासूबाईंना ओळखणारा माणूस मला दोष देणार नाही. जगातली कोणतीही उभी वस्तू उघडी राहू नये, एवढ्याचसाठी त्यांचा जन्म आहे. शाळेत शिवण शिकवून निवृत्त झाल्या आणि साऱ्या गावालाच मापं घ्यायला उभं केलं. हापशाच्या दांड्याला बाही शिवली, विजेच्या खांबांना पोलकी. माझ्या स्कूटरच्या आरशांना टोपडी घातली, तेव्हापासून मागून येणारं मला काही दिसत नाही. पण आरसे उबेत आहेत.

पुलाचे खांब उभे राहिले तेव्हा म्हणाल्या, "पाहा ना जावईबापू, आंघोळीहून निघाल्यावानी उभे हायेत बिचारे! काही पांघराले देसान का नाही त्यायले?" आळीतून जुनी लुगडी गोळा झाली. त्यात मावशींनी आपल्या गेलेल्या बहिणीचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, हिरवं लुगडंही घातलं. तांड्यावरच्या बंजारा बायांनी त्यावर भिंगाचे आरसे जडवून दिले. आणि मी आठ दिवस बाहेरगावी असताना पहिल्या खांबाला गोधडी चढली.

परतताना मला दिसलं ते एवढंच, की पुलाखाली एक गोधडी गाठी सुटून फडफडते आहे. ट्रकवरून उडाली असेल, असं समजून मी ती घरी आणली आणि अंथरली.

तिकडे खांबाची गोधडी चोरीला गेली म्हणून मावशी भरल्या ताटावरून उठल्या होत्या. त्याच दुपारी नगरपालिकेची बॅनर काढणारी गाडी येऊन गेली होती, म्हणून संशय तिच्यावर. गाडीवरचा माणूस शपथा घेत होता, "मावशी, तुमच्या गोधडीले आमी कायले हात लावू? चोर दुसराच हाये."

त्या चोराला मुंग्यांनी पकडलं. आमच्याकडे शेवटचा टाका घालण्याआधी गोधडीच्या कोपऱ्यात पोळीचा घास शिवतात, ती उपाशी राहू नये म्हणून. त्या घासाला लागलेल्या मुंग्या मला डसल्या. मी ओरडलो. मावशीची समजूत काढून नुकतीच घरी आलेली बायको धावली, तिनं टाका ओळखला आणि फोन लावला. "मावशी, सापडली! जेव आता. चोर घरातलाच हाये."

पलीकडून आधी हुंदका आला, मग हसू, मग ताट ओढल्याचा आवाज. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी गोधडी परत बांधायला निघालो, तर बायको त्या हिरव्या तुकड्यावरून हात फिरवत बसलेली. मी बोलणी खायची तयारी केली. ती एवढंच म्हणाली, "हा तुकडा रस्त्याच्या बाजूनं ठेवजा. आईले येणारं-जाणारं पाहाची लय हौस होती."